नऊ नोव्हेंबर : जर्मनीची एक तारीख

वर्तमानपत्रांच्या दिनविशेषात ९ नोव्हेंबरला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे निधन (१९६२) आणि बर्लिनची भिंत खुली होणे (१९८९) या नोंदी शेजारी शेजारी येतात. तारीख सारखी, एवढेच. एकीचा दुसरीशी संबंध नाही. जर्मनीत मात्र याच तारखेच्या काही घटना एकीच्या पोटातून दुसरी निघालेल्या आहेत. तिथे हा दिवस 'नियतीचा दिवस' म्हणून ओळखला जातो. मला त्यात नियती कमी आणि माणसांची करणी जास्त दिसते.

१८४८ सालचा योगायोग तेवढा बाजूला ठेवू. फ्रँकफर्टच्या संसदेचा सभासद रोबर्ट ब्लूम व्हिएन्नातल्या बंडात उतरला होता. तो लोकप्रतिनिधी आहे याची पर्वा न करता त्याला ९ नोव्हेंबरला गोळ्या घालण्यात आल्या. खरी साखळी सुरू होते ती १९१८ मध्ये.

त्या दिवशी बर्लिनचे रस्ते संपकरी कामगारांनी आणि बंडखोर सैनिकांनी भरले होते. चॅन्सेलर माक्स फॉन बाडेन यांनी कैसरच्या संमतीची वाट न पाहता त्याचा पदत्याग जाहीर करून टाकला. दुपारी समाजवादी लोकशाही पक्षाचे फिलिप शायडेमान यांनी संसदभवनातून प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्यांचेच नेते एबर्ट त्यामुळे संतापले. दोनेक तासांनी जहाल डाव्या गटाचे कार्ल लिब्क्नेख्त यांनी राजवाड्याजवळून दुसरे, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केले. दोनच दिवसांनी युद्धविराम झाला. युद्ध हरले होते सेनापती, पण युद्धविरामावर सही करावी लागली ती नागरी नेत्यांना. सैन्य रणांगणावर हरलेच नाही, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला, ही थाप याच वेळी रुजली.

हिटलरचे राजकारण या थापेवरच पोसले. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री तो म्युनिकच्या एका बिअरहॉलमधल्या सभेत घुसला, छताकडे पिस्तूल झाडले आणि 'नोव्हेंबरच्या गुन्हेगारांचे' सरकार बरखास्त झाल्याचे त्याने जाहीर केले. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, सुमारे दोन हजारांचा जमाव शहराच्या मध्यभागी निघाला. फेल्डहेर्नहाले या स्मारकापाशी पोलिसांनी गोळीबार केला आणि बंड मिनिटांत संपले. चार पोलीस मेले. राजद्रोहाबद्दल हिटलरला शिक्षा झाली पाच वर्षांची, पण १९२४ संपायच्या आत तो बाहेर होता. त्या न्यायाधीशांच्या मवाळपणाची किंमत साऱ्या जगाने मोजली.

सत्तेवर आल्यावर नाझींनी या फसलेल्या बंडाचा वार्षिक सोहळा केला. आठ तारखेला बिअरहॉलमध्ये हिटलरचे भाषण, नऊला मिरवणूक. फेल्डहेर्नहालेवरून जाताना हात उंचावून सलाम करणे सक्तीचे होते. ज्यांना तो करायचा नसे ते मागच्या व्हिस्कार्डी गल्लीतून वळून जात. तिथल्या फरसबंदीत आज ब्राँझचा एक पट्टा बसवलेला आहे, त्या लोकांच्या आठवणीसाठी.

१९३८ चा संहार या सोहळ्यातूनच पेटला, आणि तारखेचा खरा अर्थ इथे कळतो. ऑक्टोबरअखेर हजारो पोलिश ज्यूंना जर्मनीतून हाकलून दिले होते. त्यांत आपले आईवडील आहेत हे कळल्यावर सतरा वर्षांच्या हेर्शेल ग्रिन्श्पानने पॅरिसमध्ये एका जर्मन राजनयिकावर गोळ्या झाडल्या. तो अधिकारी ९ नोव्हेंबरला मरण पावला. बातमी आली तेव्हा पक्षाचे झाडून सारे नेते वर्धापनदिनासाठी म्युनिकमध्येच जमलेले होते. गोबेल्सने चिथावणीचे भाषण केले आणि पुढाऱ्यांनी तिथूनच आपापल्या गावी फोनवर हुकूम दिले. हजाराहून अधिक सिनेगॉग जाळली किंवा उद्ध्वस्त केली गेली, सुमारे साडेसात हजार दुकाने फुटली, तीस हजारांच्या आसपास ज्यू पुरुष छळछावण्यांत डांबले गेले. वर ज्यूंनाच एक अब्ज मार्कांचा दंड! शेजारीपाजारी बघत उभे राहिले, काहींनी लुटीत हात धुऊन घेतले.

पुढच्याच वर्षी याच सोहळ्याच्या ठरलेपणाचा उपयोग एका सुताराने केला. गेऑर्ग एल्झरने रात्रीमागून रात्री बिअरहॉलमध्ये लपून एक खांब पोखरला आणि त्यात घड्याळाचा बाँब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला हिटलर नेहमीपेक्षा लवकर निघाला. स्फोट झाला तेरा मिनिटांनी. एल्झरला १९४५ च्या एप्रिलमध्ये डाखाऊत ठार मारले. या माणसाची ओळख जगाला फार उशिरा झाली.

१९८९ ची नोंद मात्र गफलतीची. पूर्व जर्मनीचे नेते गुंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत प्रवासाचे नवे नियम वाचत होते. ते दुसऱ्या दिवसापासून, रीतसर अर्ज करणाऱ्यांसाठी लागू व्हायचे होते. केव्हापासून, असे विचारल्यावर कागद चाळत त्यांनी 'तत्काळ' असे उत्तर दिले. लोक नाक्यांवर लोटले. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर वरून स्पष्ट आदेश येईना, तेव्हा रात्री साडेअकराच्या सुमारास अधिकारी हाराल्ड येगर यांनी फाटक उघडायला लावले. गोळी झाडली गेली नाही. ज्या भिंतीपाशी किमान १४० माणसे मेली, तिथे लोक रात्रभर एकमेकांना मिठ्या मारत होते.

साहजिकच हाच राष्ट्रीय दिन करावा अशी सूचना पुढे आली. ती मानली गेली नाही. ज्या तारखेला सिनेगॉग जळाली त्या तारखेला फटाके उडवता येत नाहीत. म्हणून एकीकरणाचा दिवस, ३ ऑक्टोबर, राष्ट्रीय सण ठरला. तो निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. ९ नोव्हेंबरला जर्मनीत आजही सुट्टी नसते. फरसबंदीत बसवलेल्या, नाझींच्या बळींची नावे कोरलेल्या पितळी पाट्या त्या दिवशी अनेक गावांत लोक स्वतः घासूनपुसून लख्ख करतात.