नकाशाच्या पोटात

शाळेत असताना महाराष्ट्राचा नकाशा काढला नाही असा वाचक विरळाच. पश्चिमेला वेडावाकडा कोकणकिनारा, त्याच्या अंगाने उतरणारा सह्याद्री आणि निळ्या पेन्सिलीने ओढलेल्या गोदावरी, भीमा, कृष्णा. निळी रेघ पाहिली की ती नदी, हे गुरुजींना कोणी सांगावे लागत नसे.

आता नकाशा वहीतून निघून खिशातल्या फोनमध्ये येऊन बसला आहे. तो नुसता दिसत नाही, चक्क बोलतो! 'पुढच्या चौकात डावीकडे वळा' असे बजावतो आणि चुकलो तर न रागावता दुसरी वाट सुचवतो. पण गंमत अशी, की या बोलक्या नकाशाला निळी रेघ पाहून काहीच उमगत नाही. त्याच्या पोटात चित्र नसतेच मुळी. तिथे असते एक लांबलचक यादी, आणि त्या यादीत जे कोणी लिहिले असेल तेवढेच त्याला ठाऊक. पडद्यावरचे चित्र या यादीवरून मागाहून रंगवले जाते.

मग डोंगर, नद्या, गल्लीबोळ यांची यादी करायची तरी कशी?

बिंदू, रेषा आणि क्षेत्र

या विद्येचा पाया १९६० नंतरच्या दशकात कॅनडात घातला गेला. कोणती जमीन शेतीला चांगली, कोणती जंगलाला, कोणती वन्य प्राण्यांना, याची देशभर पाहणी चालली होती. नकाशांचे ढीग साचले. ते एकावर एक ठेवून हाताने मोजमाप करायचे तर माणसे पुरणार नव्हती. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने ते काम संगणकावर सोपवण्याची कल्पना मांडली आणि तडीस नेली.

पुढे २००४ साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट या तरुणाने 'ओपन स्ट्रीट मॅप' सुरू केला. कोणीही भर घालावी, कोणीही वापरावा, असा हा साऱ्या जगाचा नकाशा. त्याचे नियम सर्वांना खुले असल्याने नकाशाचे पोट उघडून पाहायला तो फार सोयीचा.

आत मूळ वस्तू तीनच. पहिला बिंदू, म्हणजे एक अक्षांश आणि एक रेखांश. झाड, विहीर, बसथांबा हे बिंदू. असे बिंदू क्रमाने जोडले की दुसरी वस्तू, रेषा. रस्ता, ओढा, रूळ या रेषा. रेषा फिरून आपल्याच पहिल्या बिंदूला येऊन मिळाली, की तिच्या आत क्षेत्र तयार होते. तळे, शेत, इमारत ही क्षेत्रे. तिसरी वस्तू म्हणजे गाठोडे. अनेक बिंदू व रेषा एकत्र बांधून 'हे सारे मिळून एक' असे सांगायचे असेल, तर ते गाठोड्यात घालायचे.

या प्रत्येकाला मग चिठ्ठ्या चिकटवायच्या. एका चिठ्ठीवर प्रकार, दुसरीवर नाव, तिसरीवर मराठीतले नाव. चिठ्ठी नसेल तर काय घोटाळा होतो पाहा. मैदानाची कड ही मिटलेली रेषा आणि मैदानाला वळसा घालणारा रस्ता हीसुद्धा मिटलेली रेषा. पहिलीच्या आत मुले खेळतात, दुसरीवरून मोटारी धावतात. आकार सारखाच, भेद काय तो चिठ्ठीत!

चंद्रभागा एक की दोन?

इथवर सारे सोपे वाटते. खरी परीक्षा पुढेच आहे.

भीमा नदी घ्या. भीमाशंकराला ती उगम पावते आणि पंढरपुराशी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात. वारकऱ्याला विचाराल तर तो चंद्रभागेत स्नान करून आला, भीमेत नव्हे. मग यादीत नद्या किती लिहायच्या? यावर तोडगा असा, की नदीची रेषा तुकड्यातुकड्यांनी काढायची. पंढरपुराजवळच्या तुकड्याला चंद्रभागेची चिठ्ठी लावायची आणि सगळे तुकडे भीमेच्या गाठोड्यात बांधायचे. वारकरीही खरा, भूगोलाचे पुस्तकही खरे!

तीच भीमा उजनी धरणापाशी पसरून जलाशय होते. तिथे ती रेषा की क्षेत्र? दोन्ही. पाणी कोठून कोठे वाहते हे कळावे म्हणून मधून प्रवाहाच्या दिशेने रेषा न्यायची आणि पाणी किती पसरले आहे हे कळावे म्हणून काठाकाठाने क्षेत्र आखायचे. पण काठ कोणता? श्रावणातला की वैशाखातला? हे यंत्र ठरवत नाही, माणसालाच ठरवावे लागते.

किनाऱ्याची कथा याहून नवलाची. भारताला सुमारे ७,५१६ किलोमीटर किनारा लाभला आहे, असे आपण सर्वांनी पाठ केले होते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ सालच्या अहवालात हा आकडा ११,०९८ किलोमीटरांवर गेला. समुद्र हटला नाही की जमीन वाढली नाही. पूर्वीची मोजणी ठोकळ नकाशावरची होती, नवी बारीक नकाशावरची. बिंदू जितके जवळजवळ घ्यावेत तितक्या खाड्या आणि वळणे मापात येतात आणि किनारा लांबत जातो.

पुलावरून उडी

कागदावर एक रेघ दुसरीला छेदून गेली तर कोणाचे काही बिघडत नाही. यादीत मात्र छेदणे आणि मिळणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दोन रस्त्यांच्या रेषांत एखादा बिंदू सामाईक असेल, तर संगणक समजतो की इथे चौक आहे, इथे वळता येते. सामाईक बिंदू नसेल, तर एक वरून गेला आणि दुसरा खालून.

दादरच्या टिळक पुलाचेच उदाहरण घ्या. पुलाची रेषा खालच्या लोहमार्गांच्या रेषांना छेदते, पण बिंदू सामाईक नाही. म्हणून पुलावरून जाणाऱ्याला कोणी 'आता रुळांवर वळा' असे सांगत नाही. हाच प्रकार उड्डाणपुलाचा. तिथे चुकून एक बिंदू सामाईक पडला, तर बोलका नकाशा शांतपणे पुलावरून खालच्या रस्त्यावर वळायला सांगेल!

इस्पितळाचेही तसेच. इमारतीचे क्षेत्र आखले, नाव लिहिले, काम संपले असे वाटते. पण फाटकाचा बिंदू आणि तिथवर जाणारा रस्ता नोंदलाच नसेल, तर नकाशा इमारतीला सर्वांत जवळचा रस्ता शोधतो. तो मागच्या गल्लीतला असला, तर रोग्याची गाडी भिंतीपाशी येऊन थांबते. त्या वेळी एका बिंदूची किंमत कळते.

जे लिहिले नाही ते नाही

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भीषण भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली आणि मदतीला धावलेल्यांना शहराचा चांगला नकाशाही मिळेना. तेव्हा देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांवरून रस्ते आखायला घेतले. पण पडलेली घरे आणि मोकळ्या जागी उभ्या राहिलेल्या राहुट्या कोणत्या प्रकारात घालायच्या? त्यांच्यासाठी नव्या चिठ्ठ्या ठरवाव्या लागल्या. काही दिवसांतच तो नकाशा मदतपथकांच्या हातांत होता.

केनियात नैरोबी शहरी किबेरा नावाची प्रचंड झोपडवस्ती आहे. इतकी माणसे राहत असून नकाशांवर ती जागा जवळजवळ कोरी होती. २००९ साली तिथल्याच तरुणांनी स्थाननोंदीची छोटी यंत्रे हातात घेऊन बोळ न् बोळ पालथा घातला. पाण्याच्या जागा, शौचालये, शाळा, दवाखाने त्यांनी एकेक करून यादीत उतरवले. आकाशातल्या छायाचित्रात छप्पर दिसते. त्याखाली शाळा आहे की दवाखाना हे तिथे राहणाराच सांगू शकतो.

म्हणून, वाचकहो, या दिवाळीच्या सुटीत मुलांच्या हाती कागद द्या आणि आपल्याच आळीची यादी करायला सांगा. बिंदू कोणते, रेषा कोणत्या, क्षेत्रे कोणती? वड बिंदू झाला, पण त्याच्या पाराचे काय? मंगळवारचा आठवडा बाजार एरवी रिकामे मैदान असतो. त्याची चिठ्ठी कशी लिहायची? आजोबांना ठाऊक असलेले गल्लीचे जुने नाव कोठे नोंदायचे? घरात वाद होतील, कदाचित फराळाच्या ताटावरच होतील. होऊ द्या. तेवढ्या वेळात आळीतल्या अशा किती गोष्टी निघतील, ज्या अजून कोणत्याच नकाशाच्या पोटात गेलेल्या नाहीत!