दगडाखालचे साक्षीदार
न्यूझीलंडच्या तारानाकी प्रांतात दुग्धप्रक्रिया आणि तेल-वायूचे मोठे उद्योग आहेत. ओढ्यात सांडपाणी सोडायचं तर १९९१च्या कायद्यानुसार प्रादेशिक परिषदेची परवानगी लागते. तिच्या अटी पाळल्या जातात का, हे तपासायला बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना मात्र त्या क्षणापुरतंच सांगतो. रात्री सोडलेलं घाण पाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. मेलेले कीटक इतक्या लवकर परतत नाहीत! म्हणून परिषदेचे तज्ज्ञ सांडपाण्याच्या तोंडाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे दगडांखालचे जीव गोळा करतात. प्रत्येक प्रकाराला १ ते १० गुण: प्रदूषण न सोसणाऱ्या मेफ्लायच्या पिल्लांना जास्त, गाळातल्या कृमींना कमी. सरासरीला २०ने गुणायचं. उत्तर ८०च्या खाली गेलं, तर ओढ्याची प्रकृती वाईट. या तपासणीचा खर्च उद्योगांकडूनच वसूल होतो, हे मला सर्वांत न्याय्य वाटतं. अहवाल कोणालाही वाचता येतात.