उत्तरेचे पाहुणे : निर्ण्याहून पक्षीनिरीक्षणाची सहल

सैबेरियातील सूचीपर्णी अरण्यांमधील दलदली हिवाळ्यात गोठतात. कीटक व कृमी मिळेनासे झाले की तेथील पाणपक्षी दक्षिणेची वाट धरतात. म्हणून बिदर जिल्ह्यातील निर्णा येथील पक्षीप्रेमींना उत्तरेचे पक्षी पाहण्यासाठी उत्तरेस जाण्याचे कारण नाही. समुद्रकाठचे पक्षी पाहावयाचे असतील, तर मात्र सहल विचारपूर्वक आखावी लागते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा होय. प्रारंभ गावाजवळच्या तळ्यापासून करावा. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या चिखलात शेपटी सतत खालीवर हलविणारा तुतवार आणि पाठीवर ठिपके असलेली ठिपकेवाली तुतारी यांचा शोध घ्यावा. कारंजा जलाशयासारख्या विस्तीर्ण पाण्यावर थापट्या व तलवार बदक यांवर लक्ष ठेवावे.

दुसरा टप्पा भिगवणचा. हुमनाबादहून, २०१७ साली सुरू झालेल्या बिदर-कलबुर्गी लोहमार्गाने कलबुर्गीस यावे. तेथून मुंबईच्या मार्गावर सोलापूरच्या पुढे भिगवण लागते. तेथे थांबणारी गाडी आधीच पाहून ठेवावी. उजनीच्या फुगवट्यावर रोहित, कुरव व पट्टकदंब हंस दिसतात.

तिसरा टप्पा ठाण्याच्या खाडीचा. २०१५ साली अभयारण्य घोषित झालेल्या या क्षेत्राचा २०२२ साली रामसर यादीत समावेश झाला. ध्रुवाजवळच्या प्रदेशात वीण करणारे टिलवा व बाकचोच तुतारी हे पक्षी येथे हिवाळा काढतात. ओहोटीच्या वेळी पक्षी चिखलावर दूरवर पांगतात. भरती चढू लागली की काठाकडे सरकतात. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. यास्तव भरतीचे वेळापत्रक पाहूनच सहलीचा दिवस ठरवावा.

थवा उडविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. परतीच्या प्रवासासाठी अंगी साठविलेली चरबी अशा प्रत्येक उड्डाणात व्यर्थ खर्ची पडते. वन्य पक्ष्यांची शिकार हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तारीख, स्थळ, पक्ष्यांची संख्या व पाण्याची पातळी यांची नोंद करवून घ्यावी. त्याच तळ्यावर दरवर्षी ठेवलेली अशी वही ग्रामपंचायतीसही उपयोगी पडेल. तळ्याचा उथळ काठ भराव घालून बुजविला, तर पाणी उरेल. परंतु चिखलात चरणाऱ्या या पाहुण्यांचे अन्न उरणार नाही.