‘सॅम्पल पास’ म्हणजे नेमके काय?

चांदवड तालुक्यातल्या वडनेरभैरवसारख्या गावांतली द्राक्षे युरोपला निघण्याआधी त्यांचा नमुना कीडनाशकांच्या अंशांसाठी तपासला जातो. ‘सॅम्पल पास’ म्हटले की बागायतदार निर्धास्त होतो. पण २०१० च्या हंगामात भारतातून तपासून गेलेली द्राक्षेही युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांचे ‘सीसीसी’, त्यांत ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो या तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्रयोगशाळांना बोल लावणे सोपे आहे. पण क्रोमॅटोग्राफी कशी चालते हे पाहिले, तर उणीव यंत्राच्या आधीच राहिली होती हे कळते.

प्रचलित पद्धतीत वाटलेल्या द्राक्षाच्या १० ग्रॅम लगद्यात १० मिलिलीटर इथाइल ॲसिटेट घालतात. सोडियम सल्फेट पाणी शोषून घेते. वर येणाऱ्या थरात औषधांचे अंश असतात, तसेच द्राक्षाचे रंग, आम्ले आणि मेणही असते. हे मिश्रण ‘सी-१८’ स्तंभातून, म्हणजे तेलकट साखळ्या चिकटवलेल्या सिलिकाच्या बारीक कणांमधून ढकलतात. तेलकटपणाकडे ओढ असलेले रेणू रेंगाळतात, पाण्यात रमणारे लवकर सुटतात. हीच क्रोमॅटोग्राफी. मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतली रंगद्रव्ये खडूच्या भुकटीतून वेगळी केली, तेव्हाचेच हे तत्त्व. स्तंभापुढचा, रेणू ओळखून मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर इतका संवेदनशील असताना ही खटपट कशाला, असे कोणी विचारेल. पण सगळे एकदम आत शिरले तर द्राक्षातले इतर घटक अंशांचा संकेत दाबून टाकतात आणि आकडा खोटा ठरतो.

सीसीसी नेमके या चाळणीतून निसटते. त्यावर कायमचा धन विद्युतभार असतो. त्यामुळे ते इथाइल ॲसिटेटमध्ये नीट उतरत नाही आणि सी-१८ वर थांबतही नाही. त्यासाठी वेगळे द्रावक आणि वेगळा स्तंभ लागतो, आणि तो लावायचा तर आधी तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसीचे नाव हवे. तेव्हाच्या यादीत ते नव्हते. नंतर घालण्यात आले. मग सगळीच रसायने एका चाचणीत का बसवू नयेत? कारण सर्वांना धरून ठेवणारा एकच स्तंभ नाही. फळावर तर काही मारलेच नव्हते, हा युक्तिवादही टिकत नाही. एप्रिल छाटणीनंतर शेंडावाढ रोखण्यासाठी मारलेले सीसीसी वेलीत टिकून पुढे घडात उतरू शकते. म्हणून एप्रिलपासूनची फवारणीची नोंद, घटक न छापलेल्या ‘टॉनिक’सकट, नमुन्यासोबत प्रयोगशाळेत गेली पाहिजे. ‘पास’चा अर्थ, जे शोधले ते मर्यादेत आहे, एवढाच, आणि काय शोधायचे हे बागेतल्या नोंदवहीइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही.