दिसतच नाही, त्याला म्हणायचं काय?

च-ची भाषा येते ना तुम्हाला? ‘कमल’ला ‘चमलक’ म्हणायचं, म्हणजे मोठ्यांना काही कळत नाही! (कळतं हं त्यांना. लहानपणी तेही हेच बोलायचे.) पण ही काही नवी भाषा नव्हे. शब्द मराठीच, फक्त अक्षरं इकडची तिकडे.

खरीखुरी नवी भाषा करायची तर? समजा, इगतपुरीतल्या दोघा मित्रांनी ती मनावर घेतली. धुकं, पाऊस, बोगदा यांचं सोपं आहे. बोट दाखवायचं आणि ठोकून द्यायचं, धुकं म्हणजे ‘फुमी’! पण ‘धीर’? ‘अन्याय’? ‘मदत’? बोट दाखवणार कुठे?

झामेनहॉफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही हे कोडं सोडवावं लागलं. आज पोलंडमध्ये असलेल्या बियालिस्टोक गावात ते जन्मले आणि १८८७ मध्ये त्यांनी एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा जगापुढे ठेवली. तिच्यात ‘बोना’ म्हणजे चांगला. त्याला ‘एत्सो’ ही शेपटी लावली की झालं ‘बोनेत्सो’, चांगुलपणा. पुढे ‘माल’ लावलं की अर्थच उलटा: ‘मालबोना’, वाईट! आपणही ‘पणा’ जोडतोच की. भित्रेपणा, वेडेपणा आणि आईचा आवडता, आगाऊपणा.

पण शेपटी लावायला आधी शब्द तर हवा! तो कुठून आणायचा? इथे त्याहून जुनी युक्ती कामी येते. दिसणाऱ्या गोष्टीचं नाव न दिसणाऱ्या गोष्टीला द्यायचं. संस्कृतात ‘संकट’ म्हणजे अरुंद, चिंचोळी वाटसुद्धा. ‘गुण’ म्हणजे दोरा. आणि जुने पंडित सांगतात, हात न कापता कुश नावाचं धारदार गवत आणणारा तो ‘कुशल’.

मग आपल्या मित्रांना ‘मदत’ शोधायला लांब जायलाच नको. कसाऱ्याहून इगतपुरीला येणाऱ्या थळ घाटात दर ३७ मीटरला गाडी १ मीटर वर चढते. एवढंसंच? अहो, गुळगुळीत रुळांवर लोखंडी चाकं घसरतात, त्यामुळे रेल्वेला हा चढ फारच खडा! म्हणून कसाऱ्याला जड गाड्यांच्या मागे जादा इंजिनं लावतात. त्यांना म्हणतात बँकर. ती मागून गाडी वर रेटतात आणि इगतपुरीला सुटी होतात. नव्या भाषेत ‘मदत’ला ‘बँकर’ म्हटलं, तर गावात कोणाला अर्थ सांगावा लागेल?

आता तुम्ही ‘कंटाळा’साठी शब्द तयार करा. अट एकच: तो कशावरून घेतला, ते मित्राला न सांगता ओळखता आलं पाहिजे.