अरबी घोड्याचे ‘अस्सल’ रूप नेमके कोणते?

अरबी घोड्यांच्या मोठ्या प्रदर्शनात घोडा रिंगणात उतरतो, तेव्हा परीक्षकांच्या हातातील गुणपत्रिकेत पाच रकाने असतात. युरोपातील अशा प्रदर्शनांचे नियमन करणाऱ्या ‘एकाहो’ या संस्थेच्या पद्धतीनुसार प्रत्येक रकान्यात वीसपैकी गुण द्यायचे असतात. डोके व मान, धड व पाठीची रेषा, पाय आणि चाल हे चार रकाने समजायला अवघड नाहीत. पाय वाकडा असेल तर तो कोणालाही वाकडाच दिसतो. यादीत सर्वांत वर असलेला पाचवा रकाना मात्र ‘टाइप’चा असतो. टाइप म्हणजे त्या जातीची म्हणून असलेली ठेवण. घोडा दुरून दिसताच ‘हा अरबीच’ असे ज्यावरून म्हणता येते, ती खूण. ती दिसते सर्वांना. पण ती नेमकी कशात आहे, यावर गेली दीडशे वर्षे एकमत झालेले नाही. हा वाद केवळ सौंदर्यदृष्टीचा असता तर तो हौशी मंडळींपुरता राहिला असता. प्रत्यक्षात त्यावर एका प्राचीन वाणाची प्रकृती अवलंबून आहे.

मराठीतला ‘अस्सल’ हा शब्द ज्या अरबी ‘अस्ल’वरून आला, त्याच धातूपासून ‘असील’ हा शब्द बनला आहे. वाळवंटातील बदाऊनी टोळ्या शुद्ध रक्ताच्या घोड्याला ‘असील’ म्हणत. असील असणे हा वंशावळीचा प्रश्न होता आणि आजही आहे. अरबी घोड्यांच्या नोंदवह्यांचा जागतिक समन्वय पाहणाऱ्या ‘वाहो’ या संस्थेची व्याख्या त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. संस्थेने मान्य केलेल्या शुद्ध अरबी घोड्यांच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे, तो शुद्ध अरबी घोडा, एवढेच ती म्हणते. घोडा दिसतो कसा, याबद्दल तिच्यात एक शब्दही नाही. म्हणजे शुद्धता कागदावर ठरते आणि ठेवण डोळ्यांनी. कागद चोख असलेला घोडा दिसायला अगदी सामान्य असू शकतो, तर निम्म्या रक्ताचा एखादा घोडा चित्रातल्या अरबी घोड्यासारखा दिसू शकतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढचे सगळेच हिशेब चुकतात.

ठेवणीतील घटक कोणते, यावर ढोबळ मतैक्य आहे. डोके लहान व पाचरीसारखे निमुळते. कपाळ रुंद, त्यावर दोन्ही डोळ्यांच्या मध्ये किंचित फुगवटा. या फुगवट्याला अरबीत ‘जिब्हा’ म्हणतात. मराठीतल्या झब्ब्याशी त्याचा काही संबंध नाही. शिंगरांमध्ये तो अधिक ठळक असतो. डोळे मोठे, काळेभोर आणि बरेच खाली बसवलेले. नाकपुड्या एरवी मिटल्यासारख्या, धावताना मात्र भरपूर फुलणाऱ्या. जबड्याच्या दोन हाडांमधील अंतर ऐसपैस. डोके मानेला जिथे मिळते ती कमान म्हणजे ‘मितबा’. ती सुबक असावी, म्हणजे डोके मोकळेपणाने वळते. पाठ आखूड, पुठ्ठा जवळजवळ सपाट आणि शेपूट उंच उचललेली. केस कोणत्याही रंगाचे असोत, त्यांच्याखालची कातडी काळी. काही अरबी घोड्यांत बरगड्यांच्या १८ ऐवजी १७ जोड्या आणि कमरेचे सहाऐवजी पाच मणके आढळतात. पण ते सर्वांत आढळत नाही. त्यामुळे ‘मणके मोजा आणि अरबी ओळखा’ ही प्रचलित युक्ती फारशी कामाची नाही. उंचीचे म्हणाल तर अमेरिकी मानकानुसार खांद्यापाशी साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटर. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांपेक्षा हे जनावर चांगलेच बुटके असते.

आता नाकाडाचा प्रश्न. अरबी घोड्याचे चित्र काढायला सांगितले तर कोणीही डोळ्यांखाली खोलगट बाक असलेला चेहरा काढील. अमेरिकी मानकाचे शब्द मात्र बरेच सावध आहेत. चेहऱ्याची रेषा सरळ असावी, किंवा शक्यतो डोळ्यांखाली किंचित अंतर्वक्र असावी, असे ते सांगते. म्हणजे सरळ नाकाचा घोडाही अरबीच. शिवाय बाक हवा तो ‘किंचित’. आजच्या साऱ्या भांडणाचे मूळ या ‘किंचित’मध्ये आहे.

ठेवणीतील वैविध्य काही आधुनिक पैदासकारांनी निर्माण केलेले नाही. बदाऊनी लोक घोडे ओळखत ते घराण्यांवरून, आणि घराणे मोजत ते आईकडून. कुहैलान, सक्लावी, अबय्यान, हमदानी आणि हदबान ही पाच घराणी सर्वांत प्रसिद्ध. तहानलेल्या घोड्यांचा कळप पाण्याकडे धावत असताना हाक मारली आणि पाण्याला तोंडही न लावता पाच घोड्या परत फिरल्या. त्यांच्यापासून ही घराणी सुरू झाली, अशी कथा सांगतात. कथा सुरेख आहे. इतिहास म्हणून तिला आधार नाही. घोडीला एवढे महत्त्व असण्याचे कारण व्यवहारी होते. टोळ्यांच्या धाडींमध्ये स्वारीसाठी घोडीच पसंत केली जाई. शत्रूच्या तळाजवळ ती खिंकाळत नाही, असे सांगितले जाई. आपल्याकडील जाणकार जसे घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून शुभाशुभ ठरवीत, तसे तेही ठरवीत. पण शेवटचा निवाडा आईच्या घराण्यावर होई.

विसाव्या शतकात जर्मनीत जन्मलेले अभ्यासक कार्ल रास्वान यांनी या घराण्यांना निरनिराळी रूपे वाटून दिली. त्यांच्या मते कुहैलान म्हणजे भरदार, रुंद छातीचा, पुरुषी बांध्याचा घोडा. सक्लावी म्हणजे नाजूक, डौलदार, काहीसा स्त्रीसुलभ. तर मुनिकी हे तिसरे घराणे लांबट, कोनदार आणि वेगवान. पैदासकारांना ही विभागणी इतकी आवडली की आजही जाहिरातींत ती तशीच आढळते. तिच्यात एक साधी अडचण आहे. घराण्याचे नाव आईकडून येते, पण निम्मे रक्त दरवेळी बापाकडून येते. पाच पिढ्यांत बाहेरचे पाच नर आले, तर मूळ घोडीचा वाटा जेमतेम तीन टक्के उरतो. नाव मात्र अबाधित राहते. मातृवंशाने उतरणाऱ्या जनुकीय खुणांच्या अभ्यासातही या घराण्यांच्या सीमा स्पष्ट दिसलेल्या नाहीत. रास्वान यांची निरीक्षणे डोळस होती, परंतु ती घराण्याची नव्हे, तर विशिष्ट कळपांची होती असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या घोड्यांचा मुंबईशी जुना आणि घनिष्ठ संबंध होता. एकोणिसाव्या शतकात बसरा, कुवेत आदी आखाती बंदरांतून गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी घोडे मुंबईत उतरत. अरब व्यापाऱ्यांच्या पागांमध्ये लष्करी अधिकारी, संस्थानिक आणि शर्यतींचे शौकीन त्यांची पारख करीत. पुढे फील्डमार्शल झालेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी ‘व्होनोलेल’ हा आपला प्रसिद्ध पांढरा अरबी घोडा १८७७ साली मुंबईतच एका अरब व्यापाऱ्याकडून विकत घेतला. तो घोडा अफगाण मोहिमेत रॉबर्ट्स यांच्यासोबत होता. राणी व्हिक्टोरियाने त्याला लष्करी पदके देण्यास मान्यता दिली आणि १८९९ मध्ये तो डब्लिनमध्ये मेला. मुंबईच्या गिऱ्हाइकाला लागत असे ते पाय, छाती आणि दम. नाकाच्या बाकाचे पैसे त्या बाजारात वेगळे मोजले जात नसत.

ज्या ज्या देशात अरबी घोडा गेला, तिथे त्याच्यावर त्या देशाच्या गरजेची छाप पडली. इजिप्तमध्ये १८४८ ते १८५४ या काळात सत्तेवर असलेल्या अब्बास पाशाने नज्दपर्यंत माणसे पाठवून निवडक घोडे आणि त्यांच्या वंशावळींच्या लेखी नोंदी गोळा केल्या. त्या संग्रहातून पुढे आलेली इजिप्शियन शाखा कोरीव डोके, मोठे डोळे आणि तलम कातडी यांसाठी ओळखली जाते. कवी बायरनची नात लेडी ॲन ब्लंट आणि तिचे पती विल्फ्रिड यांनी १८७८ मध्ये इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात ‘क्रॅबेट’ पागा सुरू केली. वाळवंटातून आणि इजिप्तमधून आणलेल्या घोड्यांवर उभी राहिलेली ही शाखा स्वारीला उत्तम, शांत आणि मजबूत समजली जाते.

पोलंडची हकीकत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. यानोव्ह पोडलास्की येथील सरकारी पागा १८१७ सालची. तिथे घोड्याचे देखणेपण पुरेसे मानले जात नसे. पुढच्या पैदाशीसाठी निवड होण्याआधी तो शर्यतीच्या मैदानावर तपासला जाई. दुसऱ्या महायुद्धात ही पागा दोनदा उद्ध्वस्त झाल्यासारखीच होती. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी बरेचसे घोडे नेले. उरलेल्यांतून जर्मनांच्या ताब्यात वाढलेले घोडे फेब्रुवारी १९४५ मध्ये पश्चिमेकडे हलवले जात असताना ड्रेस्डेन शहरावरील बॉम्बवर्षावात सापडले. पेटलेल्या रस्त्यावर एका मोतद्दाराने ‘वित्राझ’ आणि ‘व्हेल्की श्लेम’ या दोन घोड्यांचे लगाम सोडले नाहीत. याच वित्राझचा १९५६ मध्ये जन्मलेला मुलगा ‘बास्क’ १९६३ साली अमेरिकेत गेला आणि तेथील अरबी घोड्यांचे रूपच त्याने बदलून टाकले. एका माणसाची मूठ सैल झाली असती तर आजच्या हजारो घोड्यांच्या वंशावळी वेगळ्या असत्या.

रशियातील तेर्स्क पागेनेही शर्यतीची कसोटी कायम ठेवली. तिथले घोडे अंगाने दणकट, पण चेहऱ्याने जरा साधे असत. आस्वान धरणाच्या मदतीबद्दल इजिप्तने भेट दिलेल्या ‘आस्वान’ नावाच्या घोड्याने त्यांच्या चेहऱ्यावर इजिप्शियन नजाकत आणली. फ्रान्समध्ये तर निवड प्रामुख्याने वेगावर झाली. त्यामुळे दुबई वर्ल्ड कपच्या दिवशी होणाऱ्या ‘दुबई कहायला क्लासिक’ या अरबी घोड्यांच्या शर्यतीत धावणारे घोडे आणि प्रदर्शनाच्या रिंगणातले घोडे शेजारी उभे केले, तर दोन्ही एकाच जातीचे आहेत यावर अनभिज्ञ माणसाचा विश्वास बसणार नाही.

या वैविध्यामागील जनुकीय वास्तव २०२० मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढे आणले. १२ देशांतील ३७८ अरबी घोड्यांच्या तपासणीत मध्यपूर्वेतील घोड्यांमध्ये जनुकीय वैविध्य भरपूर आढळले, तर शुद्ध इजिप्शियन म्हणून जपलेल्या शाखेत ते बरेच कमी निघाले. शर्यतीच्या काही घोड्यांत थरोब्रेड रक्ताच्या खुणाही मिळाल्या. कागदावर सारे शुद्ध. पण ज्यांनी रूपाचा आग्रह धरला त्यांचा वर्तुळव्यास लहान झाला, आणि ज्यांनी वेगाचा आग्रह धरला त्यांच्या कुंपणात कधीतरी फट पडली.

वर्तुळ लहान झाले की सुप्त दोष वर येतात. ‘स्किड’ या विकारात शिंगरू प्रतिकारशक्तीविना जन्मते आणि पाच-सहा महिन्यांत दगावते. मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर परिणाम करणारा ‘सेरेबेलर ॲबायोट्रॉफी’ आणि प्रामुख्याने इजिप्शियन रक्तात आढळणारा ‘लॅव्हेंडर फोल सिंड्रोम’ हे आणखी दोन. तिन्ही विकार आई व बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच प्रकटतात. वाहक घोडा स्वतः ठणठणीत असतो, आणि बहुधा देखणाही. दोन वाहकांच्या संकरात दर चारांत एक शिंगरू बाधित होण्याची शक्यता असते. १९९० च्या दशकात अमेरिकेतील २५० अरबी घोड्यांच्या पाहणीत ८.४ टक्के घोडे ‘स्किड’चे वाहक निघाले होते. आज या तिन्हींसाठी केसांच्या नमुन्यावरून होणारी जनुकीय चाचणी उपलब्ध आहे. त्यामुळे वाहकाला बाद करण्याचीही गरज उरलेली नाही. दोन वाहक एकत्र आणू नयेत, इतकेच. वाहक म्हणून सगळेच घोडे वगळले तर वर्तुळ आणखी आकसेल, हा धोका जाणकार दाखवून देतात.

नाकाच्या बाकाचा दोष मात्र सुप्त नाही, तो डोळ्यांसमोर आहे. गोठवलेले वीर्य आणि गर्भरोपण यांमुळे एका विजेत्या घोड्याची शेकडो पिल्ले जगभर होऊ शकतात. २००० साली कतारमध्ये जन्मलेल्या ‘मारवान अल शकब’चे रक्त आज अनेक खंडांत पसरले आहे. बाजार ज्या चेहऱ्यावर पैसे लावतो, तो चेहरा दोन-तीन पिढ्यांत सर्वत्र दिसू लागतो आणि प्रत्येक पिढीत जरा अधिक वळतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका तरुण घोड्याची छायाचित्रे गाजली. त्याचे नाक चमच्यासारखे खोल वळलेले होते. ब्रिटनमधील पशुवैद्यांनी चिंता व्यक्त केली, तर घोडा पूर्ण निरोगी असल्याचे त्याच्या मालकांनी सांगितले. त्या एका घोड्याबद्दल निवाडा करण्याचे कारण नाही. शरीरशास्त्र मात्र सर्वांना सारखेच लागू आहे. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. धावताना लागणारी सारी हवा नाकाच्या पोकळीतूनच जाते, आणि वरच्या दाढांची लांब मुळेही त्याच हाडांत सामावलेली असतात. बाक अतिरेकी झाला तर जागा कुठूनतरी कमी होणारच. फुलणाऱ्या नाकपुड्या आणि रुंद जबडा ही अरबी घोड्याची ओळख दमदार श्वासासाठी होती, तिच्यावरच हा घाला आहे.

रिंगणातील गुणपत्रिका या ओढीची साक्ष देतात. एकाच घोड्याला टाइपसाठी १९-२० आणि पायांसाठी १५ गुण मिळणे तिथे नवलाचे नाही. तरीही तो विजेता ठरू शकतो. उलट अमेरिकेच्या सिएरा नेवाडा पर्वतातून १९५५ पासून होणाऱ्या ‘टेविस कप’ या शंभर मैलांच्या स्वारीत घोडा चोवीस तासांत पोहोचावा लागतो. वाटेतील तपासणी नाक्यांवर पशुवैद्य त्याचे ठोके, श्वास आणि चाल पाहतात. तो लंगडत असेल किंवा ठोके वेळेत उतरले नाहीत, तर घोडा तिथेच थांबवला जातो. या स्वारीत वर्षानुवर्षे सर्वाधिक वेळा पहिला आलेला घोडा अरबीच आहे. त्या नाक्यांवरच्या कागदात नाकाच्या बाकासाठी रकाना नाही.