कलाभवन संग्रह, शांतिनिकेतन
कलाभवन संग्रह, शांतिनिकेतन : विश्वभारती विद्यापीठाच्या (पश्चिम बंगाल) कलाभवन या कलाशिक्षण संस्थेतील अध्यापक व माजी विद्यार्थी यांच्या कलाकृतींचा संग्रह. रवींद्रनाथ टागोर यांनी १९१९ मध्ये कलाभवनाची स्थापना केली. नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी १९५१ पर्यंत त्याची धुरा वाहिली. त्याच वर्षी विश्वभारतीस केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला.

संग्रहाचे चल व अचल असे दोन भाग पडतात. चित्रे, रेखाटने, मुद्राचित्रे व लहान शिल्पे ‘नंदन’ या कलाभवनाच्या संग्रहालयात जतन केली जातात, रवींद्रनाथांची हस्तलिखिते व चित्रे रवींद्रभवनाच्या (स्था. १९४२) अभिलेखागारात आहेत. चल कलाकृती स्थलांतरित होऊ शकतात. नंदलाल यांच्या चित्रांचा मोठा संचय दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. अचल कलाकृती मात्र विद्यापीठाच्या भिंतींवर व मोकळ्या आवारात असून संग्रहाचे वेगळेपण मुख्यतः त्यांच्यात आहे.

या कलाकृती अध्यापनाच्या ओघात निर्माण झाल्या. जयपूरचे कारागीर नरसिंगलाल यांना पाचारण करून तेथील पारंपरिक भित्तिलेपचित्रणाची पद्धती विद्यार्थ्यांना शिकविण्यात आली. ‘कालो बाडी’ या मातीच्या वसतिगृहाच्या भिंतींवर अध्यापक-विद्यार्थ्यांनी मिळून उत्थित शिल्पे घडविली व त्यांवर डांबराचा लेप दिला. विनोदबिहारी मुखर्जी (१९०४–८०) हे येथील आरंभीचे विद्यार्थी व नंतरचे अध्यापक. हिंदी भवनाच्या तीन भिंतींवरील मध्ययुगीन संतांच्या जीवनावरचे त्यांचे भित्तिचित्र १९४७ मध्ये पूर्ण झाले. के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) प्रभृती विद्यार्थी त्यात साहाय्यक होते. रामकिंकर बैज (१९०६–८०) यांनी ‘संथाळ कुटुंब’ (१९३८) व ‘मिल कॉल’ (१९५६) ही शिल्पे सिमेंट व स्थानिक जांभ्या दगडाची खडी यांच्या मिश्रणातून उभारली. ब्राँझ महाग होते, तर हे मिश्रण सहज उपलब्ध होते.

मराठी भाषकांचाही या परंपरेशी संबंध आला. विनायक मसोजी हे कलाभवनाचे विद्यार्थी व पुढे अध्यापक होते. धारवाड येथे जन्मलेले दिनकर कौशिक हे माजी विद्यार्थी १९६७ मध्ये तेथे प्राचार्य झाले.

स्थानिक व स्वस्त माध्यमांमुळे या कलाकृती शक्य झाल्या. त्यांची नाजूकताही त्यातूनच उद्‍भवते. ओल्या गिलाव्यावरील रंग चुना वाळताना त्याच्याशी एकजीव होतो. म्हणून भिंतीत ओल शिरली, की चित्राचाच थर सुटू लागतो. मातीच्या भिंतींना पावसापासून सतत जपावे लागते. काँक्रीटमध्ये पाणी मुरल्यास आतील लोखंडी सांगाडा गंजून फुगतो व वरच्या थराला तडे जातात. अशा कलाकृती काचेच्या कपाटात हलविता येत नाहीत आणि वरवरच्या डागडुजीने मूळ हस्तस्पर्श लोपण्याची भीती असते. त्यामुळे कच्ची रेखाटने, जुनी छायाचित्रे व माध्यमविषयक नोंदी यांना पुराव्याचे मोल येते; मूळ रूप कोणते व नंतरची भर कोणती, हे त्यांवरून ठरविता येते.

शांतिनिकेतनचा २०२३ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तथापि या इमारतींतून अध्ययन व वास्तव्य चालूच आहे. वापर थांबविल्यास कलाकृतींचा शैक्षणिक संदर्भ तुटतो, तर अनिर्बंध वापराने त्यांची झीज होते. या दोहोंचा मेळ घालणे हे येथील जतनकार्याचे प्रमुख प्रयोजन होय.